स्टिअरिंग जड झालंय? पंप घरी बदलण्याआधी आणि बदलताना

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांना गाडीशेजारी उकिडवं बसून एका हाताने मोबाइल सरकवत वाचायचंय, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना केलेले हातवारे इथे दिसणार नाहीत, म्हणून काही ठिकाणी वाक्यं थोडी वाढवली आहेत.

विषय आला एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून. त्याच्या घरी २००७ सालची ॲक्सेंट आहे, वडील चालवतात. मागच्या वर्षी वडिलांचा खांदा आखडला आणि त्याच सुमारास गाडीचं स्टिअरिंगही जड झालं. आता सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढायची तर ते मुलाला हाक मारतात. गॅरेजवाल्याने सांगितलं, पंप गेला, रॅकही गेला, दोन्ही बदलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून घरात गाडी विकायची भाषा सुरू झालीय. मुलाचा प्रश्न एवढाच, की पंप मी घरी बदलू शकतो का?

बदलू शकतोस. चार-पाच बोल्ट, दोन पाइप आणि एक बेल्ट, एवढाच मामला असतो. पण दोन गोष्टी आधी. एक म्हणजे पंप खरंच गेलाय का, हे तपास. दुसरी, गेला असेल तर कशाने गेला, ते शोध. हे दुसरं न करता बसवलेला नवीन पंप बऱ्याचदा जुन्याच वाटेने जातो.

सगळ्यात आधी, तुमच्या गाडीला हा पंप आहे का ते बघा. स्विफ्ट, वॅगन आर, आय टेन यांसारख्या गाड्यांत स्टिअरिंगला मदत करायला विजेची मोटर असते. तिथे ऑईल नाही, पंप नाही आणि आजचा एपिसोडही तुमच्या कामाचा नाही. ॲक्सेंट, जुनी सुमो, बोलेरो, पहिल्या पिढीची इनोव्हा, या ऑईलवाल्या. बॉनेट उघडा. एखादी छोटी प्लास्टिकची बाटली दिसते का, जिच्या झाकणावर स्टिअरिंगचं चित्र आहे? दिसली तर पुढे वाचा. (ब्रेक ऑईलची बाटली वेगळी बरं का. तिच्यात चुकूनही हे ऑईल टाकू नका, ब्रेकची रबरं फुगतात.)

आता हा पंप करतो काय? इंजिनच्या पुलीवरून बेल्ट येतो आणि पंपाची पुली फिरवतो. आत एक गोल रोटर असतो, त्याच्या खाचांमध्ये पोलादाच्या छोट्या पट्ट्या मोकळ्या बसवलेल्या असतात. रोटर फिरला की पट्ट्या बाहेर फेकल्या जातात आणि भोवतालच्या लंबगोल कड्याला घासत फिरतात. कडं लंबगोल असल्यामुळे दोन पट्ट्यांमधली जागा मोठी होते, लहान होते. मोठी होताना ऑईल आत ओढलं जातं, लहान होताना दाबून बाहेर ढकललं जातं. बास, एवढंच. हे ऑईल जाडजूड प्रेशर पाइपमधून रॅककडे जातं, तिथे चाकं वळवायला जोर लावतं आणि रिटर्नच्या पाइपने बाटलीत परत येतं.

दाब किती? तुमच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते. स्टिअरिंग पूर्ण टोकाला वळवून धरलं की या पाइपमध्ये ७० बार, काही गाड्यांत त्याहूनही जास्त दाब होतो. त्या वेळी पंपातला व्हॉल्व्ह उघडून जास्तीचा दाब सोडत असतो. टोकाला वळवल्यावर जो घूंऽऽ आवाज येतो ना, तो याचाच. म्हणून स्टिअरिंग टोकाला ५ सेकंदांच्या वर धरून ठेवायचं नाही. ऑईल भराभर तापतं आणि पंप स्वतःलाच भाजून घेतो.

या यंत्राचा इतिहासही मजेशीर आहे. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाचा इंजिनिअर होता, पिअर्स ॲरो कंपनीत ट्रकचं काम बघायचा. जड ट्रक वळवताना ड्रायव्हरचे होणारे हाल त्याने पाहिले होते. १९२६ मध्ये त्याने चालणारं पॉवर स्टिअरिंग करून दाखवलं. त्याची युक्ती अशी, की ऑईलवर सतत दाब ठेवायचाच नाही. ऑईल आरामात गोल फिरत राहू द्यायचं आणि स्टिअरिंग वळवलं की मगच वाट अडवून दाब तयार करायचा. विकत घेता येणाऱ्या कारमध्ये ही सोय यायला मात्र १९५१ साल उजाडलं. क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ती पहिल्यांदा आली. आजही ऑईलवाल्या गाडीत तत्त्व तेच आहे. यातली मेख लक्षात घ्या, ऑईल सतत फिरत असतं. म्हणजे त्यात कचरा असेल तर कचराही सतत फिरतो, आणि हवा असेल तर हवाही.

आधी आरोपी पकडा

स्टिअरिंग जड झालं की सगळे पंपाकडे बोट दाखवतात. मी क्रम उलटा लावतो, फुकटातल्या गोष्टी आधी.

पुढच्या टायरमधली हवा तपासा. हसू नका. हवा कमी असेल तर उभ्या गाडीचं स्टिअरिंग दगडासारखं होतं.

मग बाटलीतलं ऑईल. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर ते कुठेतरी गळतंय, कारण हे ऑईल जळत नाही की उडून जात नाही. एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. काळं आणि जळका वास असेल तर ऑईल संपलेलं आहे. कागदावर चंदेरी चमचम दिसली तर पंप आतून झिजतोय. आणि बाटलीत फेस असेल, लस्सीसारखा, तर आत हवा शिरतेय. ही शेवटची खूण सोन्यासारखी आहे, तिच्याकडे पुन्हा येतो.

मग बेल्ट. स्टिअरिंग टोकाला वळवताना चीऽऽ असा किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर तो बहुतेक बेल्टचा, पंपाचा नाही. पंपाचा आवाज वेगळा असतो, घुमल्यासारखा, विव्हळल्यासारखा, आणि ॲक्सिलरेटर दिला की तो सूर चढत जातो. बेल्ट ढिला असेल तर पुलीवर घसरतो, पंप पूर्ण वेगाने फिरत नाही आणि स्टिअरिंग जड लागतं. इंजिन बंद असताना बेल्टच्या मध्यावर अंगठ्याने दाबून बघा. एक सेंटीमीटरपेक्षा बराच जास्त दबत असेल तर आधी ताण द्या. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. काही लोकांचं पॉवर स्टिअरिंगचं दुखणं या एका बोल्टवर संपतं.

आता फेसाकडे. बाटलीतून पंपाकडे जाणारा जो जाड रबरी पाइप आहे, त्यात दाब नसतो, ओढ असते. स्ट्रॉने ऊसाचा रस पितो तसं. स्ट्रॉला भोक पडलं तर रस बाहेर सांडत नाही, हवा आत येते. इथेही तसंच. पाइप जुना होऊन कडक झाला किंवा क्लिप सैल झाली की ऑईल फारसं गळत नाही, पण हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. हवेचे बुडबुडे पंपात दाबाखाली फुटतात आणि पोलाद कुरतडतात. म्हणजे छोट्याशा क्लिपपायी हजारो रुपयांचा पंप जातो.

आणखी एक लपलेला आरोपी त्या बाटलीतच बसलेला असतो. बऱ्याच गाड्यांत बाटलीच्या तळाशी बारीक जाळी असते. वर्षानुवर्षांचा गाळ तिथे साचला की पंपाला पुरेसं ऑईल मिळत नाही आणि तो उपाशीपोटी विव्हळतो. जाळी काढता येत असेल तर धुवा, नसेल तर बाटलीच बदला. नवीन पंपापेक्षा ती खूप स्वस्त पडते.

मग रॅक गेलाय की पंप, हे कसं ओळखायचं? स्टिअरिंग फक्त एकाच बाजूला जड असेल तर पंपाला दोष देऊ नका. पंपाला डावं-उजवं कळत नाही. ते काम रॅकमधल्या व्हॉल्व्हचं आणि सीलचं. दोन्ही बाजूंना सारखंच जड, इंजिन मंद चालताना जास्त जड आणि जरा ॲक्सिलरेटर दिला की हलकं, असं असेल आणि बेल्टही घट्ट असेल, तर पंप झिजलाय हे मानायला जागा आहे. आणि पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवताना मध्येच अडकल्यासारखं होत असेल, तर दुखणं ऑईलचं नाहीच; बॉल जॉइंट, शॉकॲबच्या वरचं बेअरिंग किंवा स्टिअरिंग कॉलमचा जॉइंट बघा.

व्हॉइस नोटवाल्या मित्रा, तुझ्या गॅरेजवाल्याने यातलं काय काय तपासलं, हे त्याला शांतपणे विचार. रॅक गेला म्हणतोय तर गळती कुठे आहे ते दाखवायला सांग. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी पंख्यासारखी टोपणं असतात, ती आतून ऑईलने भरलेली असतील तर तो खरं बोलतोय. कोरडी असतील आणि स्टिअरिंग दोन्हीकडे सारखंच जड असेल, तर रॅकचा खर्च तूर्तास बाजूला ठेवायला हरकत नाही.

पंप आणायचा कुठला

पुलीच्या मागून ऑईल झिरपतंय पण आवाज नाही आणि स्टिअरिंगही हलकं आहे, असं असेल तर फक्त सील गेलंय. सील किट काहीशे रुपयांत मिळतं आणि पंप दुरुस्त करणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. पंप काढून त्यांच्याकडे द्या. घरच्या टेबलावर स्वतः उघडू नका. त्या पट्ट्यांची दिशा ठरलेली असते, एक जरी उलटी बसली तर खेळ खलास.

आतून झिजलेला पंप असेल तर नवीनच घ्या, असं माझं मत. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, इथे जुन्या गाड्यांचे वापरलेले पंपही मिळतात. पण काचेचा, दरवाज्याचा जुना भाग घेणं वेगळं आणि पंपाचा वेगळा. पंपाचं आयुष्य बाहेरून दिसत नाही. घ्यायचाच झाला तर पुली हाताने फिरवून बघा, खरखर नको, आणि आस वर-खाली हलता कामा नये. काहीही घेतलं तरी जुना पंप शेजारी ठेवून जुळवा, पुलीचा व्यास, पुलीवरच्या खाचा, पाइपांची तोंडं, बोल्टची भोकं. काही पंपांवर वायरचा एक छोटा स्विच असतो. स्टिअरिंगवर जोर आला की तो इंजिनला थोडा वेग वाढवायला सांगतो. तो नवीन पंपावर आहे का बघा, नसेल तर जुन्यावरचा काढून लावा.

ऑईल कुठलं, हे दुकानदाराने नाही, मॅन्युअलने ठरवायचं. बऱ्याच टोयोटा गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लालसर ऑईल चालतं, होंडाला स्वतःचं वेगळं लागतं, ह्युंदाईचं पीएसएफ-३. दोन लिटर आणा. गाडीत लागतं साधारण लिटरभर, उरलेलं धुवायला.

कामाला लागा

इंजिन पूर्ण गार हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पुढची चाकं उचलून गाडी जॅक स्टँडवर ठेवा, दोन्ही बाजूंना, मागच्या चाकांना आडवं काहीतरी लावून. विटांवर नाही, नुसत्या जॅकवर तर अजिबात नाही. जॅकचं सील कधी बसेल सांगता येत नाही आणि खाली तुम्ही असता. खाली पुठ्ठे अंथरा, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी दारात.

मोबाइल काढा. बेल्ट कुठून कुठे जातो, पाइप कसे वळलेत, कुठली क्लिप कुठे आहे, सगळ्याचे फोटो घ्या. हे फोटो संध्याकाळी तुमचे प्राण वाचवतील.

मेडिकलमधून मोठी सिरिंज आणून बाटलीतलं जुनं ऑईल उपसा. मग ताण देणारा बोल्ट आणि पंपाचा मुख्य बोल्ट सैल करा, पंप इंजिनकडे ढकला, बेल्ट निघेल. काही गाड्यांत एकच लांब बेल्ट सगळं फिरवतो, तिथे स्प्रिंगचा टेन्शनर पान्याने दाबून धरावा लागतो.

पाइप काढताना खाली टोपलं ठेवा. रबरी पाइप चिकटला असेल तर पक्कडीने ओढू नका, आधी हलकेच गोल फिरवा. प्रेशर पाइपचा नट मात्र जपून. तो मऊ असतो आणि साध्या डबल एंड पान्याने कडा गोल होतात. फ्लेअर नटचा पाना मिळाला तर उत्तम. जिथे भोकाचा बोल्ट असतो तिथे दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. ते नवीनच लावायचे. दहा-वीस रुपये वाचवायला जुने लावले तर तिथूनच गळतं. ऑईल अल्टरनेटरवर किंवा बेल्टवर पडू देऊ नका, चिंध्या आधीच गुंडाळून ठेवा. सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडलेलं ऑईल पेटू शकतं, त्यामुळे नंतर सगळं पुसून काढणं हा कामाचाच भाग आहे.

पंप बाहेर आला. जुनी पुली नवीन पंपावर चढवायची असेल तर थांबा. अनेक पंपांवर ती दाबून बसवलेली असते आणि काढायला पुलर लागतो. हातोडीने ठोकलीत तर तो धक्का सरळ आसातून आत जातो आणि नवा पंप बसायच्या आधीच जायबंदी होतो. पुलर नसेल तर दोन्ही वस्तू घेऊन लेथवाल्याकडे जा, पाच मिनिटांचं काम आहे.

नवीन पंप लावण्याआधी सिस्टीम धुवा. घाईत लोक हे टाळतात. जुना पंप झिजून त्याचा चुरा ऑईलमध्ये फिरत होता, तो पाइपात आणि रॅकमध्ये अजून आहे. रिटर्नचा पाइप बाटलीपासून सोडवून एका कॅनमध्ये सोडा, आणि इंजिन बंदच ठेवून स्टिअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. काळं पाणी यावं तसं ऑईल येईल. जाळी आणि बाटलीही याच वेळी साफ करा, आणि ओढीचा तो जाड रबरी पाइप कडक झाला असेल तर नवीन लावा, नव्या क्लिपांसकट.

नवीन पंपाच्या तोंडात थोडं ताजं ऑईल ओता आणि पुली हाताने फिरवा, म्हणजे तो कोरडा सुरू होणार नाही. बोल्ट आणि नट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवायचे, मगच पाना लावायचा. आटे वाकडे बसले की नुकसान पंपाचं होतं. बेल्ट चढवा, ताण द्या, फोटोशी ताडून बघा. मग रिटर्नचा पाइप परत जागेवर, बाटली भरा आणि हात पुसून बॅटरीची वायर जोडा.

आता हवा काढायची. इथे ज्याला धीर आहे तोच जिंकतो. इंजिन सुरू करायचं नाही! चाकं अजून हवेतच. किल्ली फक्त स्टिअरिंग मोकळं होईल इतकीच फिरवा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा, पंधरा-वीस वेळा. दुसरा माणूस बाटलीकडे बघत राहील, बुडबुडे येतील, पातळी उतरेल, की ऑईल भरायचं. बाटली एकदाही रिकामी होता कामा नये. बुडबुडे थांबले की पाच-दहा मिनिटं सगळं तसंच ठेवा, चहा घ्या, आणि पुन्हा एकदा फिरवा. सुरुवातीलाच स्टार्टर मारला तर पंप त्या हवेचा फेस करतो आणि मग तो फेस निवायला तासन्‌तास लागतात.

यानंतर इंजिन सुरू करा, मंदच चालू द्या, स्टिअरिंग पुन्हा हळू फिरवा, टोकाला धरून ठेवू नका. ऑईल स्वच्छ आणि आवाज शांत असेल तर गाडी खाली घ्या. एक सोपी परीक्षा आहे. इंजिन चालू असताना पातळी बघा, मग बंद करून बघा. बंद केल्यावर ती ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वर आली, तर आत अजून हवा आहे. पुन्हा तेच चक्र.

सगळे जोड कोरड्या कपड्याने पुसा आणि पाच मिनिटांनी टॉर्च मारून बघा. इंजिन चालू असताना गळती बोटाने चाचपायची नाही. ७० बारने उडणारी बारीक धार कातडीत घुसते, आणि ती जखम दिसते त्यापेक्षा खूप वाईट असते. अशी धार लागलीच तर घरगुती उपाय न करता सरळ हॉस्पिटल.

खाली कमेंटमध्ये एक प्रश्न दरवेळी येतो, रस्त्यात पंप बंद पडला तर? स्टिअरिंग लॉक होत नाही. चाकांशी त्याचा लोखंडी जोड कायम असतो, फक्त मदत जाते. वेगात फारसं जाणवणार नाही, वळण घेताना आणि पार्किंग करताना दोन्ही हातांनी ओढावं लागेल. पण बेल्ट तुटला असेल आणि त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही असेल, तर बॅटरीचा दिवा लागेल आणि इंजिन तापायला लागेल. तिथे मात्र हिरोगिरी नको, गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या. आणि ऑईल संपलेलं असेल तर बेल्ट शाबूत असूनही पंप कोरडा फिरत राहतो, त्यामुळे डिकीत अर्धा लिटर ऑईल ठेवलेलं बरं.

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बाटलीवर एक नजर टाका. नवीन बेल्ट थोडा ताणला जातो, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर अंगठ्याने पुन्हा दाबून बघा. आणि ते जुनं काळं ऑईल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून जवळच्या गॅरेजमध्ये द्या. त्यांच्याकडे जुन्या ऑईलचा बॅरल असतो, तो उचलायला माणूस येतो.